साड्यांचं बारसं

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कामाची त्यांची व्याख्या अजून ड्यूटीवर आहे. माणूस सकाळी आंघोळ करतो, डबा घेतो, घराबाहेर जातो आणि थकून परत येतो, याला काम म्हणतात. मी आंघोळ अकराला करते, डबा घेत नाही आणि समता कॉलनीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसते. त्यामुळे कोणाचाही फोन आला की बाबा सांगतात, घरीच आहे, रिकामीच आहे, या. मग शेजारच्यांचं कुरिअर येतं, कोणाच्या तरी मुलाचा हिंदी निबंध येतो, गॅसवाला तर येतोच. एकदा मी दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली. बाबांनी ती नीट वाचली आणि प्लंबर कधी आला असं विचारलं.

मी फ्रीलान्स लेखिका आहे. आमच्या रायपुरात याचा अर्थ असा की ज्याला दोन ओळी हव्या आहेत पण स्वतः लिहायच्या नाहीत, त्याच्यासाठी मी लिहिते. दवाखान्यांची पत्रकं, मसाल्याच्या पाकिटामागचा मजकूर, कोचिंग क्लासच्या जाहिराती, सगळं हिंदीत. मराठी मी बाबांशी भांडताना आणि फुकटच्या कामांना वापरते. दोन्ही भरपूर असल्यामुळे भाषा गंजलेली नाही.

पोटापाण्याचं मुख्य काम मात्र साड्यांची नावं ठेवण्याचं. पंडरीच्या कापड बाजारात एक साड्यांचे ठोक व्यापारी आहेत, त्यांचा दर हंगामात एक जाडजूड कॅटलॉग निघतो. गावोगावचे दुकानदार त्यातून फोनवर माल मागवतात. नंबर सांगताना चुका होतात म्हणून प्रत्येक डिझाइनला नाव लागतं. ते फोनवर बोलायला सोपं हवं, आणि आधी कुठल्या साडीला दिलेलं नको. बस नाम ही तो रखना है दीदी, असं शेठ पहिल्या दिवशी म्हणाले होते. पहिल्या वर्षी मी फुलं संपवली. दुसऱ्या वर्षी नक्षत्रं, राग आणि नद्या. महानदी नावाची साडी बिचारी पडूनच राहिली, कारण कोणत्या बाईला अंगावर महानदी नेसायची असते? तिसऱ्या वर्षी मी मिठायांवर आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझी विहीर आटली आहे.

शनिवार मात्र माझा असतो. त्या दिवशी मी मराठी मंडळाच्या वाचनालयात घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते. वाचनालय म्हणजे एक लांब खोली, अकरा कपाटं आणि काकू. काकूंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि टेबलामागची खुर्ची त्यांनी कधी कोणाला दिलेली नाही. पुस्तक उशिरा आणलं तर त्या दंड घेत नाहीत, गोष्ट विचारतात. न वाचता उशीर केलेला माणूस पुढच्या शनिवारपासून रस्ता बदलतो. तरुण पोरं त्यांच्याशी हिंदीत बोलतात, त्या मराठीत उत्तर देतात, आणि दोघांनाही यात काही वावगं वाटत नाही.

तिथे मी दोन कामं अंगावर घेतली होती. एक, सभासदांची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर टाइप करणं. दुसरं, फाटकी पुस्तकं बांधणं. हे दुसरं खरं तर माझं वेड आहे. खळ शिजवावी, पानं शिवावी, पुठ्ठ्यावर कापड ताणून चिकटवावं, यात मला जे सुख मिळतं ते मसाल्याच्या पाकिटात मिळत नाही. कापड शेठकडून येतं. जुन्या नमुन्यांचे तुकडे ते मला पोत्याने देतात, म्हणून आमच्या वाचनालयातले तत्त्वज्ञानाचे ग्रंथ हल्ली बांधणीच्या कापडात असतात आणि इतिहासाच्या एका खंडाला चक्क जरीचा काठ आहे. बाबा येता-जाता म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. त्यांना म्हण वापरायची असते, पण मागच्या खोलीत खरंच तीन पोती चिंध्या आहेत, त्यामुळे मला भांडता येत नाही.

तर दिवाळीच्या आधीच्या हंगामात शेठना अठ्ठेचाळीस नावं हवी होती, फोन केला त्याच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत. दुपारी तीनला माझी अडतीस झाली आणि डोकं बंद पडलं. मी चहा केला, बाबांवर विनाकारण चिडले आणि परत येऊन बसले. लॅपटॉपवर शेजारच्याच खिडकीत वाचनालयाचं सगळ्यात जुनं रजिस्टर उघडं होतं. त्यातलं स्त्री सभासदांचं पान मी महिन्यापूर्वीच टाइप केलेलं. काय नावं होती! भारदस्त, चार-चार अक्षरांची, आता कोणी मुलींना ठेवत नाही अशी.

मी अगदी अविचारी नाही, थोडा विचार केला. आमच्यात तेव्हा लग्न झालं की मुलीचं नाव बदलायचं. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचा आणि जुनं माहेरी राहायचं. पानावरच्या सगळ्या नावांआधी ‘कु.’ होतं, म्हणजे सगळ्या जणी अविवाहित मुली होत्या, म्हणजे सगळ्यांची लग्नं झाली असणार, म्हणजे ही नावं आज कोणाचीच नाहीत. रिकामी पडली आहेत. या तर्काचा मला त्या वेळी अभिमानसुद्धा वाटला. दहा नावं उचलली आणि पावणेपाचला यादी पाठवून दिली. शेठ खूश झाले. फार क्लासिक आहेत, बंगाली आहेत का, असं विचारत होते. मी हो म्हटलं.

गोष्ट इथेच संपली असती. मंडळातलं कोणी पंडरीचे ठोक कॅटलॉग वाचत नाही. पण मला कॅटलॉगच्या जादा प्रती मिळाल्या, त्यांचा कागद जाड आणि गुळगुळीत होता, आणि बांधलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायला असाच कागद लागतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या शनिवारी मी पाच पुस्तकं बांधून वाचनालयात ठेवली आणि काकूंनी कौतुकही केलं.

मंगळवारी काकूंचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत. शनिवारची वाट नको पाहू, आज ये, एवढंच म्हणाल्या आणि ठेवला.

मी गेले तेव्हा वाचनालयात दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर माझं एक पुस्तक उघडं होतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मेंदी रंगाची साडी नेसलेली एक मॉडेल कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या पायाशी छापलेल्या नावावर काकूंचं बोट होतं.

“हे नाव तुले कुठं भेटलं?”

योगायोग म्हणता आलं असतं. खोटं रंगवून सांगण्यावर तर माझं घर चालतं. पण काकूंसमोर न वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट आजवर कोणाला सांगता आलेली नाही. मी सगळं सांगून टाकलं, शेठ, अठ्ठेचाळीस, रजिस्टर, रिकामी नावं. सांगताना मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी काय केलंय. वाचनालयाच्या रजिस्टरवर विश्वास ठेवून मुलींनी लिहिलेली नावं मी बाजारात नेली होती. मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. काकू ‘आता येऊ नको’ म्हणाल्या तर माझे शनिवार गेले, आणि मग माझ्याकडे उरतं काय, पत्रकं आणि साड्या.

काकू उठल्या, कपाटातून ते जुनं रजिस्टर काढून आणलं आणि ते पान उघडलं. एका ओळीत ते नाव होतं, पुढे माहेरचं आडनाव आणि शाळकरी मुलीची गोल, नेटकी सही.

“हे मी हाय,” त्या म्हणाल्या.

काही महिन्यांपूर्वी मी ही ओळ टाइप केली होती. दर शनिवारी जिच्यासमोर बसते ती बाई टाइप केली आणि मला कळलं नव्हतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, एकदा न विचारता वापरून झालं आहे.

मग काकूंनी खुर्चीत बसून सांगितलं. गुढियारी वस्तीतून रूळ ओलांडून वडिलांबरोबर त्या चालत इथे यायच्या. वडिलांनी फॉर्म भरला, पण सही त्यांना करू दिली. पुढे लग्न झालं. सासरी मोठ्या जावेचं नाव नेमकं हेच होतं. एका घरात एका नावाच्या दोन बायका नकोत, एकीला हाक मारली तर दोघी उठतील, असं सासूबाई म्हणाल्या आणि तांदळात दुसरं नाव लिहिलं गेलं. जुन्या नावाने त्यानंतर फक्त भाऊ हाक मारायचा. तो नागपूरला असायचा.

“भाऊ गेला,” काकू म्हणाल्या, “अन् त्याच्यासंगं नावबी गेलं.”

मी माफी मागितली. पुढच्या छपाईत नाव काढायला लावते म्हटलं, या पुस्तकाचा कागदही उचकटते म्हटलं. काकूंनी पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. त्या मॉडेलकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “इकून राहिली का हे साडी?”

मला माहीत नव्हतं. विचार मग, असं त्यांनी फोनकडे बोट करून सांगितलं. मी शेठना लावला, आणि काकूंनी खूण केली म्हणून फोन स्पीकरवर टाकला. शेठ गोदामात होते. थांबा दीदी, म्हणाले, आणि त्यांनी ते नाव घेऊन जोरात हाक मारली, कितनी बची है? खालून कोणीतरी तेच नाव घेऊन विचारलं, मेंदीवाली की लालवाली? वरच्या मजल्यावरून एका बाईचा आवाज आला, पुन्हा तेच नाव, ती तर धमतरीला गेली, भाटापाऱ्यालाही गेली, आता एकही नाही. शेठ फोनवर परत आले आणि म्हणाले की ही तर सगळ्यात आधी संपली, दुबारा मँगवा रहा हूँ. मी फोन ठेवला.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि खुर्ची माझ्या फोनजवळ सरकवली.

“मले बराबर ऐकू नाही आलं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा लाव.”