वाकलेली कमला

मुरमाबोडी गावात रंभाला कोणी चांगलं म्हणत नसे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. बल्लारशाला सासरी नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा ती रडत माहेरी आली नाही. नवऱ्याच्या दुकानातलं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि काळा चष्मा टेम्पोत टाकून आली. हे काम ती त्याच्याच हाताखाली शिकली होती.

"लग्नातली भांडी ठेव तुले," ती नवऱ्याला म्हणाली. "हे मी नेतो. अडवून दाखव."

त्यानं अडवलं नाही.

भावानं, देवरावनं, तिला रस्त्याच्या बाजूला आवाराचा एक कोपरा दिला. तिथं तिनं टिनाचं शेड टाकलं. फाटकं, नांगराचे फाळ, ट्रॅक्टरची ट्रॉली असली कामं सुरू झाली. पुढे ताडोबाच्या बाजूनं सफारी वाढली, गावाच्या शिवारात एक मोठं रिसॉर्ट उभं राहिलं, आणि रंभाच्या कामाला वेगळंच वळण लागलं. एकदा तिनं उरलेल्या सळया वाकवून त्यांत नाल्यातला लांबट गोटा पोटासारखा अडकवला आणि बगळा केला. दगडाला वेल्डिंग बसत नाही, म्हणून सळयांचा पिंजरा करायचा आणि दगड त्यात घट्ट आवळायचा. तो बगळा रिसॉर्टच्या मॅनेजरनं जाता-येता पाहिला आणि उचलून नेला. मग बेडूक झाले, मोर झाले, कान टवकारलेलं चितळ झालं. रिसॉर्टच्या हिरवळीवर रंभाची जनावरं उभी राहिली.

त्याच रिसॉर्टवर निम्मं गाव जगत होतं. कोणी सफारीची जिप्सी चालवी, कोणी गाईड होता, बाया खोल्या झाडत. जिप्सीवाल्यांचा पुढारी लटारू होता. त्याचा शब्द गावात सरपंचापेक्षा जास्त चाले.

रंभाचं घरात कोणाशी वाकडं असेल तर ते भावजयीशी, कमलाशी. कमलाला मशीनचा आवाज नको होता, तो निळा उजेड नको होता. एका उन्हाळ्यात ठिणग्या उडून अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांनी पेट घेतला. कमला पाण्याची बादली घेऊन धावली आणि अर्धं पाणी तिनं मुद्दाम रंभाच्या अंगावर टाकलं. विजेचं मशीन तिच्या हातात चालूच होतं.

"मारतं का मले?" रंभा ओरडली.

"मेली तर बरंच होईन," कमला म्हणाली.

त्यानंतर दोघींच्या अंगणांमध्ये बांबूच्या कामट्यांचा आडोसा, ताट्या, उभा राहिला आणि बोलणं संपलं. एका विहिरीवर पाणी भरत, पण एकीची बादली वर आल्याशिवाय दुसरी पुढे येत नसे. असं कित्येक वर्षं चाललं.

मग रिसॉर्टनं वाघ करायला सांगितला. दारासमोरच्या गोल हिरवळीवर बसलेला, खऱ्यापेक्षा मोठा. "चेहरा शांत पाहिजे," मॅनेजरनं बजावलं. "लोक त्याच्याजवळ लेकरांना उभं करून फोटो काढतील." रंभानं ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आणून वाघाच्या बरगड्या उभ्या केल्या. पाठीचा कणा जोडला. दगड भरायचे राहिले होते.

चैत्रात मोह पडू लागला. कमला बायांबरोबर पहाटे टोपली घेऊन गेली. तळ्याच्या पाळीमागच्या मोठ्या झाडाखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या. कमला थोडी बाजूला गेली होती. तिनं आवाज काढला नाही, तिला तेवढा वेळच मिळाला नाही. बायांना फक्त टोपली उलटी पडलेली दिसली आणि पाचोळ्यात फरफटल्याची वाट दिसली.

दुपारी तिला घरी आणलं. वाघानं मानेला धरलं होतं. देवराव भिंतीला टेकून बसला आणि त्याला कोणी हलवलं तरी हलेना. बाया गळा काढून रडत होत्या. रंभा ताट्याजवळ उभी राहिली, कमलाच्या मानेकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि शेडमध्ये निघून गेली.

"नणंदेच्या डोळ्यातून एक टिपूस नाई," बाया एकमेकींना म्हणाल्या, तिला ऐकू जाईल अशा.

वनखात्याचे लोक आले, पंचनामा झाला. त्यांच्यापैकी एकानं देवरावला समजावलं, "वाकलेला माणूस वाघाले जनावरासारखा दिसते. मागून त्याले समजत नाई." लटारूनं मान डोलवली. "हो ना. वाघाची चूक नाई."

रंभा तिथंच होती. "मंग कोनाची आहे?" तिनं विचारलं. "तिची? उभ्यानं मोह वेचाव का?"

वनखात्याचे लोक कागद आवरू लागले.

दिवसकार्य उरकल्यावर तिच्या शेडमधून पुन्हा ग्राइंडरचा आवाज येऊ लागला. लोकांना वाटलं, पोटासाठी करून राह्यली. पण ती वाघ कापत होती. कमानीचे पाटे सुटे करून तिनं त्यांचीच एका बाईची पाठ वाकवली. पोटात आणि खांद्यांत नाल्यातले काळे गोटे आवळले. एक हात जमिनीला टेकलेला, दुसरा कमरेच्या टोपलीला. अंबाडा सायकलच्या चेनचा. चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी गोटा बसवला, डोळे-नाक काही काढलं नाही. ती पाठ मात्र गावातल्या कोणीही ओळखली असती. कमलाचा डावा खांदा जरा खाली असे, तो तसाच खाली होता.

मॅनेजर आला तेव्हा त्यानं शेडमध्ये आत-बाहेर पाहिलं. "वाघ कुठे आहे?"

"कापला."

"कापला म्हणजे? पाहुणे येणार आहेत आमचे. आणि हे काय केलंय?"

"माही भावजय आहे."

त्यानं त्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे बघा बाई, दुःख मी समजू शकतो. पण यापुढे तुमचं एकही काम आमच्याकडे येणार नाही."

"आनू नका," रंभा म्हणाली. "आन माहा बगळा परत पाठवा."

बगळा काही परत आला नाही. रंभानं पलीकडच्या गावातून बैलबंडी आणली आणि मूर्ती तळ्याच्या पाळीमागे, त्याच मोहाखाली नेऊन रोवली. तिथून सफारीचा रस्ता जातो. दुसऱ्याच दिवशी जिप्स्या थांबू लागल्या. पाहुणे विचारू लागले, ही कोण, अशी का वाकली आहे? एका गाईडनं खरं सांगून टाकलं. त्या जिप्सीतल्या कुटुंबानं गाडी माघारी फिरवायला लावली आणि दुपारीच रिसॉर्ट सोडलं.

मग गाव पेटलं. ग्रामपंचायतीसमोर सभा बसली. लटारू उभा राहिला.

"रिसॉर्टवाले म्हनते, हे हटलं नाई तर गावची मानसं कामावर घेनार नाई. एका बाईच्या हट्टापायी गावानं उपाशी मरायचं का?"

"तुह्या बायकोले नेलं असतं मंग?" रंभानं विचारलं.

"तोंड सांभाळ!" लटारू अंगावर धावून आला. लोकांनी त्याला धरलं. मागून एक बाई ओरडली, "जितेपनी तिच्या हातचं पानी नाई पेली, आता पुतळा करते! लाज नाई वाटत?"

"नाई पटत होतं माहं तिच्याशी," रंभा वळून म्हणाली. "आजही नाई पटत. तिनं मले मारूनच टाकलं असतं. पन ती बाई होती. जनावर नोहोती. तुमी सारे जनं पटकन मानून गेले, का वाघाची चूक नाई."

सगळ्यांच्या माना देवरावकडे वळल्या. तो खाली बसून काडीनं माती उकरत होता.

"काढा," तो म्हणाला. "मले त्या रस्त्यानं जाता येत नाई. ती तशीच दिसते, मरायच्या आधीवानी. काढा तिले."

रंभाला वाटलं होतं, निदान तो तरी आपल्या बाजूनं बोलेल. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, पण त्यानं वर पाहिलं नाही. ती थुंकली आणि निघून गेली.

लटारू आणि बाकीचे ट्रॅक्टर घेऊन गेले. मूर्ती खोल गाडलेली होती, हातानं हलेना. लटारूनं साखळी काढली आणि मूर्तीच्या मानेभोवती टाकून मागे ट्रॅक्टरला अडकवली. ड्रायव्हरनं गिअर टाकला. देवराव दूर उभा होता, तो एकदम धावत आला आणि चाकाच्या आडवा झाला.

"मानेले नका बांधू!"

"अरे, लोखंड आहे ते," लटारू म्हणाला.

"मानेले नका बांधू म्हनलं ना! तिथंच धरलं होतं तिले!"

ड्रायव्हरनं ट्रॅक्टर बंद केला. लटारूनं साखळी काढली. मग सगळ्यांनी मूर्तीभोवतीची माती उकरली, मूर्ती हातांवर उचलली आणि ट्रॉलीत आडवी ठेवली. देवरावनं डोक्याखाली आपल्या खांद्यावरचा दुपट्टा घातला. कोणी हसलं नाही. पण परत रोवा असंही कोणी म्हणालं नाही. रंभाच्या शेडपुढे मूर्ती उतरवली आणि सगळे निघून गेले. देवराव ताट्याआड गेला. 

रंभानं ती आपल्या कोपऱ्याच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून रोवली. जागा तिची होती, त्यामुळे काढा म्हणायला कोणाला तोंड नव्हतं. सफारीच्या गेटकडे जाणारी प्रत्येक जिप्सी तिच्यासमोरून जाई. गाईड आता पाहुण्यांना सांगत, ही गावची कला आहे, धान लावणारी शेतकरीण. रंभाच्या कानावर ते पडलं तेव्हा ती चष्मा कपाळावर चढवून रस्त्यावर आली आणि ओरडली, "धान नोहे! वाघानं खाल्लेली बाई आहे ते!" तेव्हापासून जिप्सी दिसली की ती ओरडतेच. जिप्सीवाले तिथं गाडी जोरात काढतात. धूळ सगळी तिच्या अंगावर येते.

गावातली कामं बंद झाली. फाटक तुटलं तरी लोक मूल गावी नेतात, तिच्याकडे आणत नाहीत. शेडवर रात्री-अपरात्री दगड पडतात. ती सकाळी उठून त्यातले कामाचे निवडून बाजूला ठेवते.

गेल्या पावसाळ्यानंतर पलीकडच्या गावची ठमाबाई तिच्या दारात आली. तिच्या नवऱ्याला गुरं चारताना वाघानं नेलं होतं. ती कमलाच्या मूर्तीभोवती फिरली, हात लावून पाहिला.

"हात जमला नाई," ठमाबाई म्हणाली. "बोटं जाड झाली."

"मंग दुसरीकडं जा."

"दुसरीकडं कोन करते?" ठमाबाई तिथंच दगडावर बसली. "माहा मानूस वाकला नोहोता. उभा होता, काठी होती हातात. तरी नेलं. तसा करतं का?"

रंभानं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग हातातला हातोडा खाली ठेवला.

"किती उंच होता?" तिनं विचारलं.

ठमाबाई उठली आणि आपला हात डोक्यावर, हवेत, बराच वर नेला.