मेंढरांना न पटलेला बोगदा

भज्यांच्या वासावर मी आयुष्यात बरेच निर्णय घेतले आहेत आणि त्यातले बहुतेक पोटाला भोवले. एक मात्र जिवावर बेतला असता.

शिवरे आणि सारोळे यांच्या मधे हायवेलगत एक वाडी आहे. तिथे मी पाहणीला गेलो होतो. रस्त्यांचे नकाशे करणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी नोकरी करतो. राहतो भोरला, आणि लोकांनी रस्ता कुठून ओलांडावा ते कागदावर ठरवतो. वाडीतल्या लोकांनी दुभाजकाची जाळी कापून मधे खिंडार पाडलं होतं. तिथून कोण, कधी जातं ते बघायचं आणि खिंडार बुजवायची शिफारस करायची, एवढंच त्या दिवशीचं काम. थोडं चालून गेलं तर रस्त्याखालून भुयारी मार्ग होता. तो सोडून लोक वरून का मरायला जातात, याचा मला अगदी मनापासून राग होता.

सकाळी पलीकडच्या टपरीवर कांदाभज्यांचा घाणा पडला. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि अंगात चकाकणारं पिवळं जाकीट, हातात ‘बेकायदा ओलांडणारे’ असा रकाना आखलेली वही, अशा थाटात त्याच खिंडारातून पलीकडे निघालो. मधेच एका ट्रकनं असा भोंगा वाजवला की हातातलं पेन रस्त्यावर पडलं. आणि मी ते उचलायला वाकलो.

टपरीशेजारी एक म्हातारी मेंढपाळ बाई काठीवर हनुवटी टेकून उभी होती. तिची मेंढरं मागच्या पडीक रानात चरत होती.

“सायेब,” ती म्हणाली, “वहीत सोताचं नाव लिवलं का न्हाई?”

टपरीवाला झारा हातात धरून खो खो हसला. मीही हसलो, दुसरं करणार काय?

ती हसली नाही. “पेनासाठी वाकला व्हय? आमचं मालक कोकरासाठी वाकलं व्हतं. तितंच.”

माझ्या हातात भजं होतं. ते मी पुन्हा कागदावर ठेवलं.

मग तिनं सांगितलं. वाडी रस्त्याच्या एका अंगाला आणि चरायचा डोंगर दुसऱ्या अंगाला. रोज सकाळी कळप पलीकडे न्यायचा, दिवस कलला की आणायचा. नवरा रस्त्याच्या मधोमध घोंगडी पसरून उभा राहायचा, गाड्या थांबायच्या, आणि ही मागून मेंढरं हाकायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. एका सकाळी सगळी मेंढरं पार झाली आणि एक कोकरू मधेच मागं फिरलं. तो त्याला धरायला वाकला. थांबलेल्या टेम्पोच्या आडून एक गाडी जोरात आली. तिला घोंगडी दिसली नाही, कारण ती आता खांद्यावर होती.

“कोकरू वाचलं,” ती म्हणाली. “ती बघा, ती कानात काळा ठिपका हाय ती.”

त्या अपघाताचा कागद मी ऑफिसात वाचला होता. पादचाऱ्याचा निष्काळजीपणा, असं त्यात लिहिलं होतं. वाचून मी मान डोलावली होती.

“पण मावशी, बोगदा आहे की,” मी म्हणालो.

“हाय की. चला, दावते.”

तिनं तोंडानं आवाज काढला, मेंढरं गोळा झाली आणि आमची वरात निघाली. बोगद्याच्या तोंडाशी पुढची मेंढी थांबली. तिच्यामागं सगळा कळप थांबला. आत घोटाभर पाणी होतं, त्याखाली चिखल, आणि त्यापुढं नुसता अंधार. म्हातारीनं काठी आपटली, दटावलं, पुढच्या मेंढीला ढकललं. मेंढीनं चारी पाय रोवले.

“मेंढरू पान्यात पाय घालत न्हाई. अंधारात तर न्हाईच न्हाई. पुढचं थांबलं की समदी थांबत्यात. आता तुमी खिंडार बुजवनार. मग म्या कुठनं जाऊ? वाडी त्या अंगाला, डोंगर ह्या अंगाला. जाळीवरनं मेंढरं उचलून टाकू? व्हय, टाकीन. तसंच करीन. आन एक दिवस मालकावानी जाईन.”

ती हे भांडून बोलली नाही. उद्या बाजाराला जाईन म्हणावं, तसं बोलली.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. तो बोगदा माझा होता. हायवे रुंद झाला तेव्हा नकाशा मीच काढला होता. ओढ्यासाठी तिथे मोरी लागणारच होती. तीच जरा उंच केली आणि त्यावर ‘पादचारी व जनावरे’ असं सुबक अक्षरात लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. पाणी पावसाळ्यातले चार दिवस येईल, बाकी वर्षभर माणसं जातील, असं मी धरून चाललो. पाण्यानं तो नकाशा वाचला नव्हता. ते दिवाळीपर्यंत हटत नव्हतं आणि चिखल संक्रांतीपर्यंत.

ऑफिसात मी शिफारस उलटी लिहिली. आधी बोगदा नीट करा, मग खिंडार बुजवा. आत एका बाजूनं पाण्याच्या वर राहील असा रुंद कट्टा, उतरायला बेताचा उतार, भिंतींना चुना, आणि मधे दुभाजकाच्या जागी छत उघडून वरून उजेड. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

“हे डिझाइन माणसांसाठी आहे की मेंढरांसाठी?”

“मेंढरांसाठी,” मी म्हणालो. “मेंढरू गेलं तर माणूस जाईल.”

“आणि माणसांना शिस्त कधी लावायची?”

मी पेनाची गोष्ट सांगितली. मी, जाकीट घातलेला, पंचवीस वर्षं रस्ते आखणारा, भज्यांसाठी निघालो आणि पेनासाठी मधे वाकलो. मी कधीच चुकणार नाही असा रस्ता कुणालाच आखता येणार नाही. पण मी वाकलो त्या वेळी तिथे ट्रक असूच नये, असा रस्ता आखता येतो. साहेबांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी सही केली. काम व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला, ते वेगळं.

काम पुरं झालं त्या सकाळी अधिकारी येणार म्हणून ठेकेदारानं कट्टा पाण्यानं धुऊन लख्ख केला होता. म्हातारी कळप घेऊन आली. पुढची मेंढी तोंडाशी आली, हुंगून थांबली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

म्हातारी मात्र वैतागली. “धुतला कुनी हा? सिमिटाला मेंढराचा वास नगं व्हय?” ती तरातरा वाडीवर गेली आणि मेंढरांच्या तळावरची लेंडी नि माती पाटीभर घेऊन आली. ती तिनं कट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत विस्कटली. उरलेली पाटी मी घेतली. इस्त्रीच्या कपड्यांत लेंड्या पसरणारा इंजिनियर अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा.

मेंढीनं पुन्हा हुंगलं. एक पाय टाकला. मग दुसरा. आणि मग सगळा कळप वरून पडणाऱ्या उजेडातून पलीकडे निघून गेला. कानात काळा ठिपका असलेलीही गेली. डोक्यावरून ट्रक धडधडत होते.

दुपारी खिंडाराला नवी जाळी लागली. म्हातारी कडेला उभी राहून ती जागा बघत होती. मला राहवलं नाही.

“मावशी, आधीचा बोगदा मीच काढला होता.”

“ठावं हाय मला. तवा तुमाला केस व्हते.” ती जाळीकडंच बघत राहिली. “मोजायचा फिता घिऊन आलता. म्या सांगितलं व्हतं, हितं पानी थांबतं. तुमी ‘बरं बरं’ म्हनला आन वही मिटली.”

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. तिला माझं ‘बरं बरं’सुद्धा आठवत होतं.

“मावशी…” मी म्हणालो.

“जावा आता,” ती म्हणाली. “म्या बी जाते. मेंढरं वाट बघत्यात.” आणि ती बोगद्याकडे वळली.

मी पलीकडच्या टपरीवरून घरी न्यायला भजी घेतली. बोगद्यातून गेलो, बोगद्यातूनच परत आलो. लेंड्यांतून सावकाश चाललो.

घरी बायकोनं पुडा उघडला, एक भजं मोडून बघितलं. “गार झालीत.”

मी सगळं सांगितलं. वही मिटल्याचंसुद्धा. ती पुड्याकडे बघत ऐकत होती. मग उठली आणि गॅसवर तवा ठेवला.

“भजी तेवढी परत गरम करता येतात,” ती म्हणाली.