कोंबडीची अर्धी गोष्ट

माझ्या नातीला लहानपणी झोपताना राजाराणीची गोष्ट चालायची नाही. तिला कोंबडीची लागायची. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, फौजेत होता आणि शांतिसेनेतून आफ्रिकेतल्या एका देशात वर्षभर राहून आला होता. तिथं त्याच्या छावणीत टोपलीतून एक कोंबडी आली, थेट साहेबांच्या खुर्चीवर जाऊन बसली, दुसऱ्या दिवशी तिथंच अंडं घातलं आणि येणारेजाणारे जवान तिला सलाम ठोकायला लागले. संपली गोष्ट. नात खिदळायची, पुन्हा सांग म्हणायची. लेक पुन्हा सांगायचा, तिला थोपटायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा.

ही गोष्ट अर्धी आहे, हे घरात त्याच्याखेरीज मला एकटीला माहीत होतं.

तो तिकडं गेला तेव्हा मी पन्नाशीची होते. आता पंचाहत्तरीकडं झुकल्यावर तेव्हाची ती बाई मला पोरगीच वाटते, आणि तीही आगाऊ. कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत तिला कुणी अध्यक्ष केलं नव्हतं, पण सल्ला द्यायला तिला खुर्ची लागायचीच नाही. पाण्याचा टँकर कुठं लावावा इथपासून कुणाच्या सुनेनं कुणाशी किती बोलावं इथपर्यंत सगळं तिला ठाऊक. लेकाच्या पलटणीचं शांतिसेनेसाठी नाव लागलं, तेव्हा तर बाईचे पाय जमिनीला लागेनात.

लेकाचं मन नव्हतं. पोरगी तीन वर्षांची. घरची अडचण सांगून मागं राहता येत होतं.

"आई, लई लांब आहे गं. आणि तिथं जाऊन नेमकं करायचं काय, तेच कळत नाही."

"करायचं काय त्यात? दोघं भांडतायत, मधे उभं राहायचं. तुझ्या बापानं जन्मभर दुसरं काय केलं?"

आमचे मालक वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मुकादम होते. साताऱ्याकडच्या गावातून आलेले, पाठीवर पोती वाहून वाहून मुकादम झालेले. आलेली गाडी कुणी खाली करायची यावरून हमालांच्या दोन टोळ्यांची जुंपली, की हे शिवी देत नसत, हात उचलत नसत. सरळ वजनकाट्यावर जाऊन मांडी घालून बसत. काट्यावर मुकादम बसला म्हणजे पोतं चढायचं नाही, पोतं चढलं नाही म्हणजे व्यापारी बोंबलायचा, आणि व्यापारी बोंबलला की दोन्ही टोळ्या झक मारत ऐकायच्या. मला वाटलं, जगाची भांडणंही अशीच मिटत असणार.

"आणि तिथं म्हणे गोळी झाडायची सहसा परवानगीच नसते," मी लेकाला म्हणाले. "तू झाडणार नाहीस, तर तुझ्यावर कोण कशाला झाडेल?" एवढा मोठा शोध लावणारी बाई कामोठ्यात दोन खोल्यांत राहत होती आणि जगाला तिचा पत्ता नव्हता!

गेला बिचारा. निळ्या टोपीतला त्याचा फोटो मी टीव्हीवर ठेवला आणि चारी मजल्यांवर पेढे वाटले. कुणी विचारलं की "फॉरेनला असतो" म्हणायचे. युद्ध हा शब्द मी तोंडातून काढलाच नाही. त्याला मात्र सांगून ठेवलं होतं, येताना चांगलं सेंट आण.

त्याचा फोन रविवारी दुपारी यायचा. तेव्हा घरात लँडलाइन. लाइनीला एक खोड होती, इकडून बोललेलं तिकडं पोचायला जरा वेळ लागायचा. एकानं बोलून थांबायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. सुनेला ते लगेच जमलं. मला थांबायचं ठाऊकच नव्हतं. तिकडून त्याचं वाक्य निघायचं आणि वाटेत माझ्या वाक्याखाली चेंगरायचं.

एका रविवारी तो म्हणाला, "आई, इथं संध्याकाळी छावणीच्या तारेबाहेर माणसं येऊन झोपतात. समजा कुणी आत यायला मागितलं, तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझं सुरू झालं होतं. माझ्या माहेरच्या आळीतला एक फौजी हुकमाच्या आधी हलला होता आणि नोकरी-पेन्शन घालवून घरी बसला होता. ती कथा मी सगळी ऐकवली आणि वर शिक्का मारला, "हे बघ, वरून हुकूम आल्याशिवाय हात हलवायचा नाही. कळलं?"

जरा वेळ नुसती खरखर. मग, "बरं, आई."

वर्ष संपल्यावर तो आला. मेडल होतं, सेंटही होतं. मी पुन्हा पेढे आणले. "सगळ्यांना देतात ते," तो म्हणाला. मी मेडल शोकेसमध्ये ठेवलं, त्यानं काढून चपलांच्या कपाटात टाकलं.

मग दाराचं सुरू झालं. त्याला घराचं दार लावलेलं चालेना. लाकडीही नाही आणि बाहेरचं जाळीचंही नाही. दोन्ही सताड उघडी. मांजरं दूध पिऊन जायची, शेजारची पोरं चपलेसकट स्वयंपाकघरापर्यंत यायची, सोसायटीचा सेक्रेटरी दोनदा समजावून गेला. मी एकदा कडी लावली, तर त्यानं स्क्रू काढून कडीच खिडकीतून फेकली. सून रडली. मी म्हणाले, हवापालट झालाय, होईल ठीक.

एका दुपारी मी मेथी निवडत होते. तो समोर येऊन बसला, एक काडी उचलली आणि ड्युटीचा रिपोर्ट द्यावा तसं सांगायला लागला.

आसपासच्या गावांतली माणसं रोज संध्याकाळी चटया घेऊन छावणीशी यायची. तारेला पाठ लावून झोपलं की आपल्याला कुणी हात लावत नाही, असा त्यांचा भरवसा. त्यात एक म्हातारी होती, टोपलीत कोंबडी घेऊन यायची. ह्याला बघून बोळकं पसरून हसायची. हा तिला तिच्या भाषेत आई म्हणायचा. एका सकाळी टेकडीकडून गोळीबार सुरू झाला आणि सगळी माणसं फाटकावर येऊन आदळली. फाटकावर ड्युटी ह्याची. किल्ली ह्याच्या पट्ट्याला. ह्यानं वायरलेसवर विचारलं, माणसं आत घेऊ का? उत्तर आलं, थांबा, वर विचारतो. वर म्हणजे मोठ्या साहेबांना, आणि ते विचारणार त्यांच्याही वर, कुठल्याशा लांबच्या शहरातल्या ऑफिसात.

"मग?" मी विचारलं.

"मग थांबलो."

"किती वेळ?"

"तू चहा ठेवून, गाळून, कपात ओतशील तेवढा."

मग हुकूम आला. फाटक उघडलं. पुढची माणसं आत आली, कडेवरची पोरं आत आली. जी आत आली ती वाचली. म्हातारी मागं होती, तिला पळणं कुठलं? तिनं टोपली पुढच्याच्या हातात दिली. ती डोक्यांवरून, हातोहात, फाटकापर्यंत पोचली. कोंबडी आत आली.

"म्हातारी नाही आली," तो म्हणाला. आणि मग, अगदी साधेपणानं, शाळेतून आल्यावर 'डबा संपवला' म्हणायचा तसं, "तू सांगितलेलंस ना, हुकमाशिवाय हात हलवायचा नाही. मी नाही हलवला."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

मी काय म्हणाले ठाऊक आहे? "यंदा मेथीला काड्याच फार." जन्मभर गावाला सल्ले पुरवणाऱ्या बाईला त्या दिवशी एवढंच सुचलं.

फौजेतून सुटल्यावर त्याला खारघरला एका टॉवरच्या गेटवर काम लागलं. माजी सैनिक म्हणून मोठ्या मानानं घेतलं आणि महिन्याच्या आत काढलं. वहीत नाव न लिहिता सगळ्यांना आत सोडतो म्हणे. भंगारवाला सोडला, कुणाकडं जायचंय ते सांगता न येणारा एक म्हातारा सोडला, एक बाई नुसती तहान लागलीय म्हणाली तर तिला आत नेऊन साहेब लोकांच्या सोफ्यावर बसवून आला. "त्यांना चौकीदार पाहिजे होता, मी कसला चौकीदार," म्हणून तो हसला. त्यानंतर तो हसल्याचं मला आठवत नाही. पुढं दारू, मग कावीळ, मग हॉस्पिटल. नात दहावीत होती. त्याला घरातून शेवटचं नेलं तेव्हा दार उघडंच होतं.

नात मोठी झाली आणि निमलष्करी दलात भरती झाली. गेल्या वर्षी एका रविवारी जेवायला बसलो असताना तिनं सांगितलं, शांतिसेनेत जाणाऱ्या बायकांच्या तुकडीत तिची निवड झालीय. देश दुसरा, टोपी तीच.

सून हातातला घास खाली ठेवून माझ्याकडं वळली. "आई, ती फक्त तुमचं ऐकते. नाही म्हणा तिला. कसली ही सेना? भांडण थांबवता येत नाही, माणसं वाचवता येत नाहीत. माझा नवरा तेवढा खाऊन बसली."

"मम्मी, तसं नसतं गं," नात म्हणाली. "बाबा तर किती मजा सांगायचे. ती कोंबडी..."

मला कळलं, पोरगी कोंबडीच्या जिवावर निघालीय. तिला थांबवायचं तर उरलेली अर्धी गोष्ट सांगायला हवी होती. आणि उरलेल्या अर्ध्यात मी होते.

सांगितलं. चटया, म्हातारी, किल्ली, चहाएवढा वेळ. आणि फोनवरचं माझं वाक्य, जसंच्या तसं. ताटं वाळून गेली. सून कोंबडीच्या गोष्टीवर वीस वर्षं हसत आली होती, तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, उठली आणि ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली. नळ सोडला होता, खाली भांडं नव्हतं.

नातीनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आजी, तिथं छावणीच नसती तर?"

"तर काय?"

"तर आत यायला फाटकच नसतं. कुणीच वाचलं नसतं. आता तर सगळे देश हात आखडते घेतायत, पैसे नाहीत म्हणून छावण्या बंद करायला निघालेत. मग ती माणसं चटया घेऊन कुठं जाणार?"

तेव्हापासून मी काट्याचा विचार करते. आमचे मालक बसले की धंदा अडायचा, म्हणून त्यांचं चालायचं. माझा लेक जिथं बसला होता तिथं त्याच्या बसण्यानं कुणाचं काही अडत नव्हतं, आणि उठायचं कधी हेही दुसराच ठरवणार. असल्या सेनेला पाठिंबा द्यावा का, असं मला विचाराल तर सून खरी आहे. आणि त्या कडेवरच्या पोरांना विचाराल, ती आता नातीच्याच वयाची असतील, तर नात खरी आहे. मी दोघींच्या मधे. मधे उभं राहणं सोपं असतं म्हणणारी बाई मीच.

मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. नात गेली.

ती निघेपर्यंत सून माझ्याशी तिच्यामार्फत बोलत होती. "आजीला विचार, भाकरी घेणार का." "आजीला सांग, गोळी राहिलीय." आता सांगायला मधे कुणी नाही. सकाळी माझा चहा टेबलावर येतो, वर झाकणी असते, शब्द नसतो. मी जाळीचं दार उघडं ठेवते. ती काही न बोलता येऊन लावते. मी पुन्हा उघडते.

परवा रविवारी दुपारी नातीचा व्हिडिओ कॉल आला. चित्र स्वच्छ, पण बोलणं मागून येतं, पूर्वीसारखंच. ओठ आधी हलतात. निळी टोपी तिला मोठी होते.

"आजी, इथं पण येतात गं. संध्याकाळी, चटया घेऊन." मग हसून, "एक आजी आहे, अगदी तुझ्यासारखी. सारखी ओरडत असते माझ्यावर."

मी विचारलं, "किल्ली कुणाकडं असते?"

माझा प्रश्न पोचेपर्यंत ती हसतच होती. मग पोचला.

"आळीपाळीनं असते. या आठवड्यात माझ्याकडं."

माझ्या मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सून येऊन उभी राहिली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात आमची दोघींची तोंडं दिसत होती, एकीवर एक.

"आजी, तू काय सांगशील? थांबू, की उघडू?"

वाक्य जिभेवर आलं होतं. थांब म्हणावं, तर ती बापासारखी परत येईल. उघड म्हणावं, तर कदाचित येणारच नाही. खांद्यावर सुनेचा हात पडला. तो मला गप्प करायला होता की आधाराला, मी वळून बघितलं नाही.

"आजी? ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हणाले. "तू बोल, बाळा. मी मधे बोलत नाही."