नाव घातलेला डबा

या देशात डबा परत येत नाही, हे मला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं. क्रेडिट कार्ड कसं काढायचं, चौकात स्टॉपच्या पाटीपाशी आधी कुणी जायचं, सगळं लोकांनी न विचारता सांगितलं. डब्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

झालं असं, की दिवाळीत मी शेजारच्या बाईंना बेसनाचे लाडू दिले. आम्ही टेक्ससमधल्या अर्विंग गावात राहतो. रस्त्यावर अर्धी घरं आपल्याच लोकांची, पण आमच्या उजव्या हाताला नेमक्या या अस्सल इथल्या बाई. पंच्याहत्तरीच्या, एकट्या, सोबतीला एक जाडजूड कुत्रा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारायला सांगितलं. एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. काकू म्हटलं तर त्यांना कळणार नाही. म्हणून नऊ वर्षं मी त्यांना काहीच म्हणत नाही, नुसती समोर जाऊन उभी राहते.

लाडू दिले ते गडबडीत, हाताला लागला त्या स्टीलच्या डब्यातून. तो आईचा डबा होता. झाकणावर टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलेलं. नाव घातल्याशिवाय आई कुठलंही भांडं दुकानातून आणायची नाही. "नाव घातलेलं भांडं फिरून घरी येतं," म्हणायची, आणि यायचंही. आमच्या पुण्याच्या सोसायटीत डबे चार मजले हिंडायचे आणि कुणाचं लोणचं, कुणाच्या वड्या घेऊन परत यायचे. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तिचं म्हणून एवढंच मी बॅगेत घालून आणलं होतं.

आठवड्याने बाईंचं थँक्यू कार्ड आलं. पोस्टाने! वीस पावलांवर राहणारी बाई तिकीट लावून कार्ड पाठवते आणि डबा ठेवून घेते. कार्ड मात्र फार गोड होतं, हेही सांगायला हवं. पूर्ण पानभर नुसतं लाडवांचं कौतुक. मी ते फ्रिजवर लावलं आणि डब्याची वाट बघत बसले.

दिवाळी गेली, संक्रांत आली. आपल्याकडे दिलेला डबा कोणी तोंड उघडून मागत नाही, आडून सुचवायचा असतो. मी तिळगूळ प्लॅस्टिकच्या डब्यातून नेला आणि जाता जाता म्हटलं, "हल्ली घरात स्टीलचे डबे पुरतच नाहीत हो." दुसऱ्या दिवशी बाईंनी भांड्यांच्या दुकानाचं सवलतीचं कूपन आणून दिलं. मी कपाळाला हात लावला.

"आई, जस्ट आस्क हर," लेक म्हणाली. ती इथेच जन्मलेली, बारा वर्षांची. "व्हॉट्स द बिग डील?"

"अगं, असं मागतात का? त्यांना काय वाटेल?"

"शी विल गिव्ह इट बॅक. दॅट्स ऑल."

मार्चमध्ये एका सकाळी मी पत्रं घ्यायला बाहेर आले, तर बाई त्यांच्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर माझा डबा. झाकण वाजलं की कुत्रा शेपूट हलवत धावत येत होता. आत कुत्र्याची बिस्किटं! माझ्या आईच्या डब्यात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तो माझ्या आईचा डबा आहे," मी हिरवळ तुडवत जाऊन ओरडलेच.

"अरे देवा. मला वाटलं, भेट दिलास. वर इतकी सुंदर नक्षी."

"नक्षी नाही ती, नाव आहे तिचं. डबा परत यावा म्हणून घालतात. आणि आमच्याकडे रिकामा परत पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात!"

बोलून गेले आणि जीभ चावली. वाटलं, संपला शेजार. पण बाई ना रागावल्या, ना ओशाळल्या. "हनी," त्या म्हणाल्या, "मग इतके महिने बोलली का नाहीस?" त्यांना खरंच कळत नव्हतं. सरळ सांगितलं की इथे माणसं सरळ ऐकून घेतात, हा शोध मला नऊ वर्षांच्या शेजारानंतर लागला, आणि तोही आरडाओरडा करून.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात बाई, मागे कुत्रा. डबा लख्ख घासलेला. उघडला तर आत काठोकाठ साखर.

"चिमूट म्हणजे किती ते मला कळेना," त्या म्हणाल्या. "आणि काल विचारायचंच राहिलं. काय नाव होतं तिचं?"

मी तोंड उघडलं आणि अडले. आईचं नाव मी फॉर्मवर शंभरदा लिहिलं असेल, पण तोंडाने कधी घेतलं होतं? बाबा तिला 'अगं' म्हणायचे, अख्खी सोसायटी 'काकू'. सांगितलं एकदाचं. त्यात ळ आहे, आणि ळ काही बाईंच्या जिभेवर येईना. मोडकं नाव मला ऐकवेना. "जीभ मागे वळवा," मी वैतागून म्हटलं, "हं, पुन्हा." त्याही हट्टी. झाकणावरच्या टिंबांवरून बोट फिरवत पुन्हा म्हणाल्या, पुन्हा चुकल्या, पुन्हा म्हणाल्या. सातव्या की आठव्या खेपेला ळ आला. स्पष्ट, खणखणीत, मैत्रिणीला खालून हाक मारावी तसं अख्खं नाव.

आईला अशी नावाने कुणी हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. आता स्वयंपाकघरातून ओ येईल असं वाटलं, आणि साखरेचा डबा पोटाशी धरून मी दारातच रडायला लागले.