चिपवरच्या गणपतीची उत्तरपूजा

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, त्याच्याच कृपेने पार पडलेला एक प्रसंग आज आपणा सर्वांपुढे मांडतो...

नव्वदचे दशक सरत आले होते. रोह्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुमनकडे, दीड दिवसाचा गणपती असे. प्रतिष्ठापनेसाठी मी पेणहून सकाळच्या गाडीने गेलो होतो.

सुमनची मुलगी मेधा पुण्यात एका लहान कंपनीत इंजिनियर. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर चित्रे रेखाटणारी, पण वीज अगदी बेताने वापरणारी एक चिप तिने तयार केली होती. नमुना हिरव्या बोर्डावर बसवून ती सणाला घरी घेऊन आली होती.

कंपनीत त्या चिपची परीक्षा दोनच दिवसांवर होती. एका बॅटरीवर तो पडदा सकाळपासून सूर्यास्तापर्यंत चालला, तरच कंपनी हे काम पुढे नेणार होती... अन्यथा बंद.

आईच्या हौसेखातर मेधाने पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा गणपती काढला होता आणि त्याच्यापुढे लवलवती समई. सुमनने बोर्ड मूर्तीशेजारी पाटावर ठेवला. पूजेत मी दोहोंवर अक्षता वाहिल्या.

जेवणे आटोपतात तोच पडदा कोरा पडला! मेधाला कारण तत्काळ उमगले. चित्र स्थिर असले की चिप विसावते. हलत्या ज्योतीमुळे तिला क्षणाचीही उसंत नव्हती.

"नवी बॅटरी घालते आणि ज्योत काढून टाकते," असे म्हणून तिने हात पुढे केला, तो सुमनने धरला.

"हात नाय लावायचा गो! देव बसलाय तिथं. त्याच्या पुढचा दिवा विझवतेस?"

"आई, तो विझलाच आहे!"

"तो आपला आपण विझला. तू नाय विझवायचा."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. आवाहन केलेल्या देवाला निरोपावाचून हलवू नये, हे सुमनचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. पण निरोपाचा विधीही शास्त्रानेच सांगितला आहे... मी मेधाला उद्यापर्यंत थांबायला सांगितले. म्हणजे पूर्ण दिवसाची चाचणी न घेताच तिला परीक्षेला बसावे लागणार होते. तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "चालेल, मामा. थांबते."

दुसऱ्या दिवशी मूर्तीची उत्तरपूजा झाल्यावर मी बोर्डावरही अक्षता वाहिल्या, तो जागेवरून किंचित सरकवला आणि 'पुनरागमनाय च' म्हटले.

सुमनने गंभीरपणे विचारले, "मग आता हा पण कुंडलिका नदीत सोडायचा काय?"

"सोड! त्याच्या मागोमाग माझी नोकरीपण सोड!" मेधा ओरडली... आणि पहिल्यांदा सुमनला हसू फुटले.

मेधाने नवी बॅटरी घालून ज्योत काढली, गणपती तेवढा स्थिर ठेवला. आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि बोर्ड खोक्यात घालून ती पुण्याला निघाली. चेहऱ्यावर काळजी होती, पण पाऊल अडखळले नाही.

परीक्षेच्या दिवशी, दिवेलागणीला, पेणच्या घरी फोन खणखणला. "मामा, इथे सूर्य मावळला... आणि पडदा अजून चालू आहे!"

देवाला मानाने निरोप देऊन निष्ठेने कामाला लागणे, हेही त्याचेच पूजन आहे, असे मला त्या सायंकाळी मनोमन पटले.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हातातले काम तो विघ्नहर्ता सिद्धीस नेवो, आणि ते होईतो थांबण्याचे बळही देवो...