फ्लेक्सवरची पल्लवी

दादा, मी हसनाबाद सोडलं त्या सकाळी आईने धपाट्यांचा डबा माझ्या पिशवीत कोंबला आणि जीपच्या खिडकीतून वाकून म्हणाली, "तिकडं जाऊन वाळू नको. लोक म्हणतील, पोरीला खायला भेटून न्हाई राह्यलं." तेव्हा आपल्याकडे पोरगी बारीक होणं म्हणजे घराची नाचक्की होती.

पुण्यात सगळा उलटा कारभार. ऑफिसातल्या मुली डब्यातली पोळी चोरी केल्यासारखी खायच्या. बसस्टॉपवरच्या जाहिरातीत बाईला पोटच नसायचं. किळस यायची मला. पण हा रोग शहराचा, असं मानून मी निर्धास्त होते. गावी तुझी पल्लवी दोन भाकरी हाणते आणि सायकल दामटते, हे मी मैत्रिणींना फुशारकीने सांगायचे.

कसलं काय! यंदा पल्लवी दहावीला शाळेत पहिली आली आणि तू पेढ्यांच्या आधी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावलास. फ्लेक्सवाल्याने कोणी न सांगताच फोटोत पोरीचा रंग उजळला, गाल कापले, हनुवटी टोकदार केली. तो नवरीपासून सरपंचबाईंपर्यंत सगळ्यांचं हेच करतो म्हणे. तू मला फोटो कौतुकाने पाठवलास, आणि मी विचारलं, ही कोण?

पोळ्याला आले तेव्हा पल्लवीच्या गळ्याची हाडं वर आली होती. पुरणपोळीचा चतकोर तिने ताटात नुसता चिवडला. कॉलेजात चक्कर येऊन पडली होती, तेही वहिनीने सहज सांगितलं, जणू सर्दी झाली होती. गल्लीतल्या बाया मात्र खूश. आणि आपली आई, तीच आई, मला म्हणाली, "आता बराबर फ्लेक्ससारखी दिसून राह्यली."

पोरगी उपाशी का राहते, हे तुमच्यापैकी कोणी तिला विचारलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "आत्या, मी फ्लेक्सखालीच उभी होते. बाया वर बघून म्हणाल्या, किती गुणी पोरगी हाय. मंग मला म्हणाल्या, जरा सरक बाई, फोटो दिसून न्हाई राह्यला."

मी तुला तो उतरव म्हटलं, तर तू म्हणालास, राहू दे, चांगला तर दिसतो. तिला पुण्याला घेऊन जावं असंही मनात आलं. पण नेऊ कुठे? तिथे त्या बिनपोटाच्या बाया प्रत्येक बसस्टॉपवर उभ्याच आहेत.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, घर म्हणजे जिथे आपल्याला चेहऱ्याने ओळखतात. दिवाळीला ये म्हणतोस. आधी तो फ्लेक्स उतरव. ज्या चौकात आपल्या पोरीला तिच्याच फोटोसमोरून सरकायला सांगतात, तिथे मी कुणाच्या घरी येऊ?