लाल रेक्झिनची सीट

गिअर ऑइलचा वास मला आजही सहन होत नाही. जळका, कुजका, अंगाला चिकटणारा. शहाद्याच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात तो नाकात शिरला आणि तिथेच राहायला आला. त्या गॅरेजच्या भिंती छातीपर्यंत गुटख्याने रंगलेल्या, खाली तेलाचा चिखल, आणि चिखलात पाय रोवून उभा असलेला मिस्त्री. हा गृहस्थ बोलण्याआधी थुंकायचा आणि बोलून झाल्यावर हसायचा. मला दोन्हींची सारखीच शिसारी यायची. तरी गाडी त्याच्याच हाती दिली, कारण चारही चाकं ओढणाऱ्या जुन्या वॅगनला हात लावणारा आसपास दुसरा कोणी नव्हता.

ही वॅगन मी आईसाठी घेतली होती. मी धडगावला शिक्षक. आईचे गुडघे गेले तेव्हा तिला पाड्यावरून माझ्याकडे आणलं, आणि तेव्हापासून ती माझ्या घरात पाहुण्यासारखी बसून असायची. होळी जवळ आली की एकच धोशा, मला माझ्या होळीला ने. पाडा उभ्या चढावर, तिथे शेअरिंगची जीपही जात नाही. ज्याला चालवत नाही त्याला बांबूला चादर बांधून झोळीतून नेतात. झोळीचं नाव काढलं की आई तोंड फिरवायची.

"झोळीत आजारी जातो, नाहीतर मेलेला," ती म्हणायची. "मी दोन्ही नाही. मी बसून जाईन, सगळ्यांना तोंड दिसेल अशी." ती बोलायची पावरीत, आमच्या डोंगरातल्या बोलीत; मी इथे मराठीत लिहितोय, पण तिचा आवाज चढलेला असायचा, तो तसाच समजावा.

वॅगनची अडचण अशी की आधीच्या मालकाने शोभेसाठी तिला उंच टायर घातले होते. उंच टायरवर गाडी सपाटीला छान पळते आणि चढाला धापा टाकते. त्यावर उपाय म्हणजे आतली दातेरी जोडी बदलणं. गॅरेजवाले तिला क्राऊन-पिनियन म्हणतात. एक जोडी पुढच्या चाकांना, एक मागच्या. दोन्हीकडे जास्त जोर देणारी, सारख्या दात्यांची जोडी घालायची, एवढंच काम. एकीकडचीच बदलली तर चारही चाकं जोडल्यावर पुढची आणि मागची आपापसात भांडतात आणि मधला गिअरबॉक्स फुटतो. हे मी मिस्त्रीला दोनदा समजावलं.

"काय टेन्शन ली ऱ्हायनात सर, मन्ही ग्यारंटी शे," म्हणाला, आणि थुंकला.

गाडी आणायला गेलो तर मला माझीच गाडी ओळखू येईना. बॉनेटवर डरकाळी फोडणारा वाघ चिकटवलेला. खाली निळे दिवे. हॉर्न दाबला तर सनईसारखं काहीतरी किंचाळलं. आणि पुढच्या डाव्या सीटला लालभडक रेक्झिन, कडेला सोनेरी पट्टी. मी यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

"लगीनमा कशी उठी दिसी, देखा!" तो हसला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. खाली सपाटीला असल्या वॅगन वरातीपुढे मिरवायला ठेवतात. चाकं चार ओढतात की दोन, याच्याशी तिथे कोणाला देणंघेणं नसतं. पण घाटात गाडी मागच्या दोन चाकांवरच अशी मुकाट चढली की मी वाघाला आणि सनईला माफ करून टाकलं.

होळीच्या दिवशी दुपारी आई त्या लाल सीटवर बसली. नवं लुगडं, गळ्यात चांदी. वाटेत भेटेल त्याला हात करत होती. मला तिचं एवढं हसणं बघायची सवय नव्हती. पाड्याखालच्या चढाशी आलो. तिथे सिमेंटच्या रस्त्याचा एक तुकडा आहे, कोणीतरी घातला आणि अर्ध्यावर सोडून दिला. वरून ढोल ऐकू येत होता. मी चारही चाकं जोडायचा दांडा ओढला आणि गाडी चढाला घातली. ती अडखळली, हिसके द्यायला लागली, आणि सीटखाली काहीतरी एवढ्या मोठ्यानं फुटलं की आईने माझा दंड धरला.

खाली उतरून पाहिलं. राखाडी तेल सिमेंटवरून ओघळत होतं आणि त्यात लोखंडाचा कीस चमकत होता. तोच वास. चाकांना दगड लावले आणि मिस्त्रीला फोन केला.

"पुढली जोडी भेटनीच नही, सर," तो म्हणाला, अगदी सहज. "मांगली टाकी दिधी. पुढलं कोन वापरस? सीट कशी वाटनी, ते सांगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जे शब्द मुलांनी वर्गात उच्चारले असते तर मी त्यांना बाहेर काढलं असतं, ते सगळे मी आईसमोर त्या फोनमध्ये ओतले. पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्या हसण्याची किळस अजून गेलेली नाही.

आवाज ऐकून वरून माझा चुलतभाऊ आणि आणखी तिघं उतरले. त्यांच्या हातात काय असणार हे मला माहीत होतं. बांबू आणि चादर. आईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा मिटला. वर ढोल चालूच होता.

मग तिने बसल्या जागी सीटवर हात फिरवला.

"ही खुर्ची सुटते का?" तिने विचारलं.

सुटते. खाली चार बोल्ट असतात. आईला दगडावर बसवलं, चुलतभावाने पाना घेतला. सीट बाहेर काढून दोन बांबूंवर दोरांनी करकचून आवळली, आणि आई परत तीत बसली, पाठ ताठ, तोंड पुढे. चौघांनी खांदे दिले. वळणावर ते लाल रेक्झिन उन्हात चमकलं आणि वरून बायकांचा गलका ऐकू आला. त्या हरामखोराच्या सगळ्या कामात तेवढंच एक कामाला आलं, हे मला मान्य करावं लागलं. फार जिवावर आलं.

रात्री मी गाडीपाशीच थांबलो आणि दुसऱ्या दिवशी चालत वर गेलो. सीट तिच्या घराच्या अंगणात मांडली होती आणि ती तीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावत होती. पायाशी कोंबड्या.

"गाडीचं काय झालं?"

"संपली," मी म्हणालो. "असले गिअरबॉक्स आता मिळत नाहीत. भंगारात जाईल."

"म्हणजे इथवर परत येणार नाही?"

"नाही."

तिने पाय लांब केले, सीटला नीट टेकली.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "आता मला खाली कशात नेशील? झोळीत तर मी बसत नाही."